बाटलीवरचं नाव झाकलं आणि...

अहो, ऐकलंत का वहिनी? म्हणजे गोष्ट १९७६ ची, पण सांगताना मला अजून गुदगुल्या होतात. तो स्टीव्हन स्परियर हो! पॅरिसात वाइनचं दुकान टाकून बसलेला इंग्रज. आता इंग्रजानं फ्रेंचांना वाइन विकायची, म्हणजे बघा... जाऊ दे.

तर काय सांगत होते, २४ मेला यानं इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात नऊ परीक्षक बोलावले. झाडून सगळे फ्रेंच आणि एकेक बडं प्रस्थ! रोमाने-कोंतीचे दे व्हिलेन काय, वाइनच्या मासिकाच्या संपादक ओदेत कानबाई काय. पुढ्यात आधी दहा पांढऱ्या, मग दहा लाल. दोन्हीकडे सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्सच्या. पण कुठली कुठली, पत्ता नाही! लेबलं गायब.

आणि तिथेच तर मेख आहे. आहेराच्या पाकिटावरचं नाव वाचून आपण किती हसायचं ते ठरवतो की नाही, तसंच चालतं हो एरवीच्या टेस्टिंगांत. नाव वाचून कौतुक करायला जीभ कशाला लागते?

मग काय, एकानं कॅलिफोर्नियातल्या नापाची पांढरी शार्डने चाखली आणि म्हणाला, हं, आता आलो परत फ्रान्सात! दुसऱ्यानं नाक मुरडलं, ही नक्की कॅलिफोर्नियाची, वासच नाही हिला. ती निघाली बातार-मोंत्राशे, त्यांच्याच बर्गंडीची! आणि कोपऱ्यात टाइम मासिकाचा जॉर्ज टेबर यादी हातात धरून बसलेला. त्याला सगळं माहीत, यांना काही नाही. बाकीचे पत्रकार फिरकलेच नव्हते. फ्रान्सच जिंकणार, त्यात बघायचं काय!

पांढऱ्यांत पहिली आली शातो मोंतेलेना १९७३, कॅलिफोर्नियाची. निकाल लालच्या आधीच सांगून टाकला. चेहरे असे पडले म्हणता! मग लाल चाखताना सगळे सावध, आता तरी अमेरिकेला वर येऊ द्यायचं नाही. तरी पहिली कोण? स्टॅग्ज लीप १९७३, तीही कॅलिफोर्नियाचीच! फ्रान्सची मूतों-रोथशिल्ड दुसरी. कानबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरनं दिली नाही. कशी देईल?

फ्रेंच म्हणाले, आमची वाइन मुरली की बघा. बरं, मुरू दिली. २००६ साली त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या, तर पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्याच! पहिली रिज मोंते बेलो १९७१. नंबर मात्र बदलले हं, स्टॅग्ज लीप खाली गेली. म्हणजे त्या दिवशीचे गुण काही काळ्या दगडावरची रेघ नव्हते. पण ज्या वाइननं नाव कमावलंय, तिचं नाव पणाला लागलं, चाखणाऱ्याचंही लागलं, आणि लिहून घेणारा माणूस समोर बसलेला होता. म्हणून ते खरं टेस्टिंग. नाहीतर ग्लास फिरवून फोटो काढणं आपल्या नाशिकलाही रोज चालतंच.

तुमचा नंदू म्हणे शनिवारी मित्रांना बोलावून टेस्टिंग करणार आहे? त्याला सांगा, बाटल्या कागदात गुंडाळ आणि कुणी तोंड उघडायच्या आत ज्याचे त्याचे गुण लिहून घे. मी काही पिणार नाही हो. मी आपली यादी धरून बसेन.