कायचंराव

आदिलाबादच्या कापूस बाजारात हंगामाच्या दिवसांत कोणालाही विचारून बघा, "काय मामाजी, औंदा कापूस बरा हाये न?" उत्तर येईल, "कायचा बरा!" पोराला नोकरी लागली म्हणे? "कायची नोकरी!" पाऊस? "कायचा पाऊस!" तब्येत? "कायची तब्येत न् कायचं काय!" पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, पांढरकवड्यापासून जैनथ-बेल्यापर्यंत, हे असंच चालतं. बोलतात सगळेच, पण ज्याचा श्वासही 'कायचं'वर चालतो असा एखादा गावोगावी असतो. त्याला मी मनातल्या मनात कायचंराव म्हणतो.

कायचंराव साठीच्या आसपासचा. खांद्यावर दुपट्टा, खिशात चुन्याची डबी. व्यवहार तेलुगूत करतो, भांडण दखनीत आणि नाराजी मात्र मराठीत, कारण तिथं हात बसलेला आहे. चहाच्या टपरीवर त्याची जागा ठरलेली. चहा आला की एक घोट घेतो, ग्लासात डोकावतो, "कायचा चहा" म्हणतो आणि तळाची साखरसुद्धा बोटानं चाटून मोकळा होतो.

त्याची खरी कला बघायची तर बाजार समितीच्या आवारात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पुरा हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं की आसपासच्या माना तिकडं वळतात. एका गाडीचा आकडा 13 आला. "कायचा ओलावा! आठ दिस आंगणात वाळवला न मी!" म्हणून गाडीवाला वाद घालतो, तो कोणीही घालील. पण त्याच्या शेजारच्या गाडीचा आकडा बरोबर 8 आला होता, आणि तो शेजारी जातीचा कायचंराव. क्षणभर चेहरा उजळला. लगेच त्यानं तो आवरला. "कायचे आठ! एवढा सुकवला म्हंजे वजन गेलं न माह्यं! बारावर आणला असता तं बरं झालं असतं." भाव पुरा मिळाल्याचं दुःख इतक्या तातडीनं शोधून काढायला अंगात मुरलेली विद्या लागते.

तशी नाराजीला त्याच्याकडे कारणं कमी नाहीत. त्याचा आजा निजामाच्या राज्यात जन्मला. 1948 नंतर हैदराबाद राज्य झालं, 1956 ला आंध्र प्रदेश, 2014 ला तेलंगण. ओट्यावरून न हलता घराण्यानं चार सरकारं पाहिली. 1956 लाच किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तिकडं मराठी मुलखात गेले, आत्या-मावश्या एका रात्रीत परराज्यात पडल्या. पुढं 2016 च्या दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आता कचेरी जवळ आली, कामं लवकर होतील, असं कोणीतरी टपरीवर म्हणालं. कायचंरावानं हिशेब मांडला: "बासरची सरस्वती निर्मलले गेली. कोळसा मंचिर्यालले गेला. कागदाचा कारखाना आसिफाबादले गेला. आपल्याले काय ठेवलं? थंडी!" आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली आहे, हे खरंच. कुंटाळ्याचा धबधबा आपल्याकडेच राहिला, अशी एका पोरानं आठवण दिली. "कायचा धबधबा! पानी तं खालीच जाते न!"

रेल्वेचं तर विचारूच नका. हैदराबादला जायचं तर गाडी आधी महाराष्ट्रात शिरते, किनवट-मुदखेड करत फिरून मग तेलंगणात येते. यावर तो जे बोलतो त्यात खोट काढता येत नाही.

सीमेवर जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डोंगरात परंडोळी, मुकदमगुडा अशी बाराचौदा गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगण म्हणतं आमची. लोकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. गावात एक मराठी शाळा, एक तेलुगू. मला वाटायचं, इथं तरी कायचंरावाची बोलती बंद होईल. त्याचा साडू तिकडचा. त्या साडूला विचारलं, "दोन-दोन सरकारं पोसतात, मजा आहे न?" तो म्हणाला, "कायची मजा जी! दोन नवऱ्याची बायको उपाशीच ऱ्हायते. जमिनीचा कागद कोन देईल, ते सांगा." मी गप्प बसलो.

कायचंरावाच्या घरी मात्र 'कायचं'ची किंमत फक्त एका माणसाला कळलेली आहे. भाजी कशी झाली, हे त्याची बायको, म्हणजे काकू, विचारतच नाहीत. "कायची भाजी" म्हणत तो ताटली पुढे सरकवतो आणि काकू न बोलता दुसरी भाकर वाढतात. ठेचा संपला की तो अंगठ्यानं ताटाची कड पुसून घेतो. पुसली तर जेवण उत्तम, नाही पुसली तर मीठ कमी. तोंडानं काय बोलला, त्याचा संबंध नाही.

मला विचाराल तर ही तक्रार नव्हेच, हा विमा आहे. कोरडवाहू कापसाच्या मुलखात "औंदा बरं हाये" असं मोठ्यानं म्हणायची सोय नसते. सकाळी म्हणालात तर दुपारपर्यंत कृषी केंद्रवाला बियाण्याची उधारी मागायला दारात, संध्याकाळी मेहुणा पोरीच्या लग्नासाठी हातउसने मागायला ओट्यावर, आणि रात्री म्हातारी दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन उभी. शिवाय बोंड फुटल्यावर अवकाळी पाऊस पडला की सगळं गाव म्हणणार, बोलला म्हणून झालं. त्यापेक्षा 'कायचं' स्वस्त. ना हप्ता, ना पावती, आणि पीक विम्यासारखी पंचनाम्याची वाट बघणं नाही.

तेव्हा आदिलाबादेत आलात आणि असा कोणी भेटला, तर "बरं आहे न?" असं विचारू नका. उलटं विचारा: "मामाजी, औंदा काही बरं दिसत नाही तुमचं?" तो तडक म्हणेल, "कायचं! मस्त हाये की!" आणि वर चहाही सांगेल.