ब्रशांची पंगत

मेकअपच्या ब्रशांत मुख्य भेद केसांचा. पावडरीला नैसर्गिक केस बरे, भुकटी धरून ठेवतात. पातळ फाउंडेशनला कृत्रिम, ते ओल पीत नाहीत. सातारा-सांगलीच्या लग्नसराईत नवरीपुढे मात्र या ब्रशांची पंगतच बसते: पापणीच्या कोपऱ्याला एक, नाकाच्या शेंड्याला दुसरा. जुन्या फणेरपेटीत आरसा, फणी, मेण आणि कुंकू असे. बोटाने मेण लावायचे, वर कुंकू दाबायचे, कडा पदराने टिपायच्या. बोटाला वेगळा डबा लागत नसे. याच सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ नाटक झाले, तेव्हा बायकांची कामेही पुरुषच करीत, म्हणजे रंगवायला चेहरे अवघडच होते. आता ब्रशांची निगा: ते सौम्य शाम्पूने धुऊन आडवे वाळवावेत. उभे ठेवल्यास पाणी मुळाशी उतरून केस गळतात. नियम सगळ्यांना पाठ. ब्रश तेवढा गेल्या नवरीचा गाल घेऊन पुढच्या मांडवात जातो.