दगा, दगा!

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात, फोर्थच्या खाडीकाठी कूरस नावाचं चिमुकलं गाव आहे. मराठी पर्यटक इथे पोचलाच, तर बहुधा ‘आउटलँडर’ मालिकेपायी. तिचं काही चित्रीकरण इथलं. गोट्यांच्या फरसबंदीवर पाय मुरगळून घेत तो सहकुटुंब फोटो काढतो आणि ‘पॅलेस’ शोधू लागतो. पॅलेस सापडतो, पिवळाधमक, हळदीला उभा केल्यासारखा! राजा मात्र त्यात कधीच राहिला नाही. हा वाडा सर जॉर्ज ब्रूस या व्यापाऱ्याचा. १५९७पासून तो उभा राहिला, तो कोळशाच्या आणि मिठाच्या पैशावर.

कोळसा कुठाय? खाडीखाली! ब्रूसने किनाऱ्यावरून थेट समुद्राच्या तळाखाली खाण नेली आणि पाण्यात गोल दगडी बांध घालून तिला दुसरं तोंड काढलं. तिथून कोळसा परस्पर जहाजात. आत झिरपणारं पाणी उपसायला छत्तीस बादल्यांचं रहाटगाडगं. आपल्या वसई-अलिबागच्या वाड्यांत रहाटाला रेडा जुंपत, इथे घोडे, एवढाच फरक.

१६१७मध्ये राजे सहावे जेम्स (इंग्लंडात हेच पहिले, माणूस एक, नंबर दोन) खाण बघायला आले. आत शिरले ते कोरड्या जमिनीवरून, वर आले तर चहूकडे पाणी! बारा वर्षांपूर्वीच यांना पार्लमेंटसकट उडवायला तळघरात दारूची पिंपं रचली गेली होती. महाराजांनी ‘दगा, दगा!’ अशी बोंब ठोकली, असं सांगतात. ब्रूसने शांतपणे बांधाला लागलेली होडी दाखवली: आल्या वाटेने चला, नाहीतर हिच्यातून. महाराजांनी होडी पत्करली.

कामगारांना असला पर्याय नव्हता. १६०६च्या कायद्यानुसार कोळसा खणणारे आणि मीठ पिकवणारे मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे कामालाच लागू शकत नसत. खाणवाल्यांची पुरती सुटका झाली ती १७९९मध्ये. बांधावर उभं राहून ‘दगा’ म्हणायचा खरा हक्क त्यांचा होता.

१६२५च्या वादळात खाण बुडाली. जवळच्या लाँगॅनेटची खाणही फोर्थखालीच पसरलेली. २००२मध्ये तिच्यातही पाणी घुसलं आणि ती कायमची बंद पडली. समुद्र उधारी विसरत नाही.

कूरसला जायचं तर ओहोटीची वेळ बघून जा. ब्रूसच्या बांधाचे अवशेष तेवढ्यापुरतेच दिसतात.