समई चालते, दिवटी नाही

नव्या नाट्यगृहाचं उद्घाटन म्हणजे फीत, कोनशिला आणि पाहुण्यांच्या हस्ते समई. ती विझली की नियम सुरू: आत ज्योत पेटवायची नाही. मग माहूरच्या रेणुकेच्या गोंधळ्याने दिवटी ठेवायची कुठे? गोंधळ रात्रभराचा, भाडं तीन-चार तासांचं. देवतांना आवाहन करून आख्यान रंगात येतं न येतं तोच व्यवस्थापक घड्याळ दाखवणार. आगीची भीती खोटी, असं कोण म्हणेल? कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४मध्ये जळालंच. नाट्यगृह नको, असंही नाही: छप्पर हवं, बायकांसाठी स्वच्छतागृह तर आधी हवं. पण पाहुण्यांच्या समईला जी वाळूची बादली पुरते, ती दिवटीलाही पुरावी. त्यासाठी वास्तुविशारद लागत नाही. नियमावलीत एक ओळ लागते. अर्थात, तिच्यासाठी आधी समिती नेमावी लागेल.