फुकटचा राखणदार

आमच्या घरी फुकट मिळालेल्या वस्तूंसाठी वेगळा माळा आहे. त्यामुळे लॅपटॉपला अँटिव्हायरस हवा हे ठरलं, तेव्हा तो विकत घेण्याचा विचार मला शिवलाही नाही. वास्तविक मी राहतो पुण्यात. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हीलसारखी कंपनी इथेच उभी राहिली. पण गावचा अभिमान वेगळा आणि गावच्या दुकानात पैसे मोजणं वेगळं.

शोधायला बसलो. एकाच पानावर पाच हिरवी डाऊनलोडची बटणं. खरं एकच, तेही सर्वांत लहान आणि मळकट, बाकीच्या जाहिराती. मी अर्थातच सर्वांत मोठं दाबलं. मग गर्दीच्या बसमधल्या कंडक्टरसारखं सुरू झालं : पुढे चला, पुढे चला, पुढे चला. प्रत्येक थांब्यावर एका चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती. ती काढायची असते, हे मला मागाहून कळलं. तोवर अँटिव्हायरससोबत एक टूलबार, हवामान सांगणारं काहीतरी आणि भलतंच एक सर्च इंजिन मुक्कामाला आलं होतं. लग्नाला एकट्याला बोलवावं आणि त्याने सुमो भरून माणसं आणावीत, तसं.

फुकटच्या अँटिव्हायरसचा स्वभाव विमा एजंट असलेल्या मेहुण्यासारखा असतो. 'सहज आलो होतो' म्हणत बसतो आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला तुमच्या मरणाचा विषय काढतो. आमच्या पाहुण्याने पहिल्याच दिवशी मशीनमध्ये 847 समस्या शोधल्या. मी हादरलो. 'दुरुस्त करा' दाबलं, तर पैसे मागू लागला. त्यातल्या बहुतेक समस्या कुकीज होत्या, म्हणजे मी कुठे कुठे भटकलो त्याच्या चिठ्ठ्या. ही गोष्ट घरात कळणं धोक्याचं असेलही, पण त्याला व्हायरस म्हणत नाहीत.

याच्यावर विश्वास नाही, म्हणून दुसरा आणला. एका सत्यनारायणाला दोन भटजी! मी कुठलीही फाइल उघडली की ती आधी कोण तपासणार यावरून दोघांची जुंपायची. दुसऱ्याने पहिल्याच्या कोठडीतले पकडलेले नमुने शोधून काढले आणि त्यालाच गुन्हेगार ठरवलं. लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ लागायचा, की मी बटण दाबून दाढी करून यायचो.

दोघं निदान जागे तरी असतात का, हे पाहायला आयकार नावाची चाचणी घेतली. ही 68 अक्षरांची साधी, निरुपद्रवी ओळ. अँटिव्हायरसवाल्यांनी तिला व्हायरस मानायचं आपसात ठरवलंय. मांजर झोपलंय का बघायला कापडी उंदीर टाकावा, तसा प्रकार. नोटपॅडमध्ये लिहिली, सेव्ह केली आणि दोन भोंगे एकदम वाजले. सौ. कुकरची तिसरी शिट्टी सोडून बाहेर आल्या. पडद्यावर दोन लाल खिडक्या. एक म्हणतोय मी पकडला, दुसरा म्हणतोय मुद्देमाल माझ्याकडे. मधल्या मधे लॅपटॉप गारठला.

शेवटी भाच्याला बोलावलं. त्याने खुर्चीवर बसण्याआधीच मान हलवली.

"मामा, हे फुकट देतात ते कशाच्या जोरावर, विचार केलात?"

"लोकांचं भलं व्हावं म्हणून."

तो हसला. 2024 साली अमेरिकेत अशाच एका नामांकित कंपनीला, गिऱ्हाइकं इंटरनेटवर कुठे कुठे जातात ती माहिती विकल्याबद्दल 1 कोटी 65 लाख डॉलर भरावे लागले, असं त्याने सांगितलं. म्हणजे राखणदारच चाळीत चुगल्या करत हिंडत होता. मग म्हणाला, की फुकटच हवं होतं तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून आहे, तिथे मशीन साफ करायची साधनं मिळतात. नावावरून मला ते महापालिकेचं वाटलं होतं.

त्याने दोघांना टूलबारसकट बाहेर काढलं. मशीन पुन्हा सुरू केलं, तर कोपऱ्यात हिरवी खूण असलेली ढाल.

"हा कोण?"

"डिफेंडर. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, विंडोजमध्येच येतो. फुकट. परका अँटिव्हायरस आला की हा आपणहून बाजूला होतो."

मानी स्वभाव. मला आवडला.

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं कुठे? मामी, चहा होईल?"

जाता जाता त्याने लॅपटॉपवर विंडोज कुठली आहे ते पाहिलं. 10 निघाली. तिचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला म्हणे, आणि आमच्या मशीनवर 11 बसत नाही. वाचकांपैकी कुणाला फुकटातला उपाय ठाऊक असेल तर जरूर कळवावं. टूलबार पाठवू नये.