पूर्वीचं महाबळेश्वर

‘पूर्वीचं महाबळेश्वर राहिलं नाही,’ हे वाक्य काका पहिल्यांदा उच्चारतात ते पसरणीच्या घाटात. अजून पाचगणीसुद्धा आलेली नसते. माथेरान, गणपतीपुळे, कळंगुट, कुठेही जा, हे गृहस्थ भेटतातच. डोक्यावर कानटोपी, गळ्यात कॅमेरा आणि चेहऱ्यावर नुकतंच पिंडदान आटोपल्याचा भाव. बाकीचे लोक थंड हवेच्या ठिकाणी मजा करायला येतात, काका हळहळायला येतात. आणि दरवर्षी येतात.

वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागली की काका काच खाली करून मान बाहेर काढतात. ‘सुट्टी पडली की लोकांना घरी बसवतच नाही!’ पुढच्या गाडीतूनही एक कानटोपी बाहेर आलेली असते आणि तीही हेच म्हणत असते. काकू तोवर खिडकीतून भाजलेलं कणीस घेऊन मोकळ्या.

स्ट्रॉबेरी खाण्याची काकांची रीत बघण्यासारखी आहे. ते ती आधी उजेडात धरतात, मग देठ धरून फिरवतात, मग चावून डोळे मिटतात. स्टॉलवाला पोरगा निकालाची वाट बघत उभा. ‘पूर्वी वास यायचा,’ काका म्हणतात. ‘पावडर लावू का काका, मीठ-मिरची?’ पोरगा विचारतो. यावर काका जे बघतात, त्या नजरेने पुढच्या हंगामातली रोपंसुद्धा करपावीत. ‘तुम्हाला नको असेल तर द्या इकडे,’ म्हणून काकू डबा ओढून घेतात.

आर्थर सीटवर तर कमालच. आर्थर मॅलेट नावाचा साहेब सावित्रीत बुडालेल्या आपल्या बायकामुलांसाठी शोक करत इथे बसायचा, असं सांगतात. त्याच्यानंतर इतक्या मनापासून इथे कोणी शोक केला असेल तर तो काकांनीच. दरीतून येणाऱ्या वाऱ्याने हलक्या वस्तू परत वर येतात, म्हणून नातू बाटलीचं बूच खाली टाकतो. (टाकू नये खरं तर, पण टाकतात सगळेच.) बूच भिरभिरत वर येतं. नातू नाचायला लागतो. काका शांतपणे म्हणतात, ‘पूर्वी आणखी वर यायचं.’

१८२९ च्या सुमारास माल्कम साहेबाने सातारच्या छत्रपतींकडून जागा मिळवून इथे पेठ वसवली. तेव्हा काका असते तर दुसऱ्याच दिवशी म्हणाले असते, ‘साहेब येण्याआधी काय जंगल होतं!’

काकांना एकदा भर पावसाळ्यात, आडवारी आणलं. गर्दी नाही, हॉर्न नाही, घोडेवाल्यांची झोंबाझोंबी नाही. त्यांना हवं होतं तेच सगळं. काका अस्वस्थ झाले. मुंबई पॉइंटवर धुक्यात हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती, आणि गाऱ्हाणं सांगायला शेजारी कोणीच नव्हतं. संध्याकाळी बाजारातली निम्मी दुकानं ताडपत्री ओढून बंद. काका चपलांच्या एका बंद दुकानापुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘माणूस नाही हो कुठे. संपलं महाबळेश्वर.’

तेव्हापासून ते फक्त नाताळच्या आठवड्यात येतात. सूर्यास्ताला मुंबई पॉइंटवर ही झुंबड, त्यात ते घुसून पुढची जागा पटकावतात. सूर्य ऐन वेळी ढगात जातो, माणसं ‘अरेरे’ करतात, आणि काकांच्या चेहऱ्यावर असं तेज चढतं की लग्नातसुद्धा चढलं नसेल. हे काकूंचं म्हणणं, त्या लग्नाला हजर होत्या.

यंदाच्या नाताळचं बुकिंग काकांनी जूनमध्येच केलं आहे. तुम्हीही तेव्हा जाणार असाल तर खुशाल जा. फक्त रेलिंगजवळ कानटोपीवाले गृहस्थ दिसले तर ‘काय सुंदर आहे नाही!’ असं त्यांना चुकूनही म्हणू नका.