जुळवून घे, बाई!

जुलै लागला की शहरातल्या कॉलेजांच्या गेटवर फ्लेक्स चढतो. 'प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे हार्दिक स्वागत.' संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो सर्वांत मोठा, सचिवांचा मध्यम, प्राचार्यांचा पासपोर्ट साइज. ज्यांचं स्वागत आहे त्यांचा फोटो कुठंच नसतो. पहिला तास इथंच होऊन जातो. आत शिरण्याआधीच पोरांना कळतं की इथं कोण किती आकाराचं आहे.

मग सभागृहात दीक्षारंभ. हे नाव यूजीसीनं दिलेलं आहे. नव्या पोरांना कॉलेजात रुळवायचं कसं, याची पुस्तिकाच आयोगानं 2019 साली काढली. इंजिनिअरिंगवाल्यांना तर एआयसीटीईनं त्याआधीच तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखून दिला होता. पुस्तिका वाईट नाही. पोरांना खेळू द्या, गाऊ द्या, गाव हिंडवून दाखवा, शिक्षकांशी मोकळं बोलू द्या, असं सगळं तीत आहे. आपल्याकडे ती दिल्लीहून येईस्तोवर तिच्यातलं गाणं, खेळणं आणि हिंडणं गळून पडतं, उरतं दीपप्रज्वलन. त्यानंतर पाहुण्यांची ओळख, ती करून देणाऱ्याची ओळख, शाल, श्रीफळ आणि भाषण. भाषणाचं सार दरवर्षी एकच: 'बाळांनो, आता शाळा संपली. नव्या वातावरणाशी जुळवून घ्यायला शिका.'

जुळवून घ्या. तीन आठवड्यांत. बहुतेक ठिकाणी तर त्याच दिवशी दुपारी दोनपर्यंत, कारण सभागृह पुढं दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेलं असतं.

आता या गावात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, इतरांनी जुळवून घ्यायला किती वेळ घेतला, तेही बघू. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, असा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 रोजी केला. पाटी बदलली 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली, मोर्चे निघाले, तुरुंग भरले, आणि शेवटी नामांतराचा नामविस्तार करून जुनं नाव आत ठेवूनच मिटवामिटवी झाली. शहराचं म्हणाल, तर छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी 2023 मध्ये आली, जिल्ह्याचं नाव त्याच वर्षी सप्टेंबरात बदललं, आणि रेल्वे स्टेशनची पाटी बदलायला 2025 उजाडलं. थोडक्यात, स्टेशनाला दोन वर्षांची मुदतवाढ, अख्ख्या मराठवाड्याला साडेपंधरा वर्षांची, आणि कळंबहून काल रात्रीच्या एसटीनं आलेल्या पोरीला दुपारी दोनपर्यंतची.

तिचंच उदाहरण धरू. कळंबची आहे, बी.एस्सी.ला प्रवेश घेतलाय. बापाचं शिक्षण दहावी, आईचं चौथी, आणि घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी ही पहिलीच. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरते तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फाइल. बॅगेपेक्षा फाइल जड. रिक्षावाला विचारतो, 'किधर जाना बेटा? युनिव्हर्सिटी? बैठो, बैठो.' शहराशी तिची पहिली भाषिक देवाणघेवाण ही. हैदराबाद संस्थानात मराठवाड्याच्या पोरांना उस्मानिया विद्यापीठात जाऊन उर्दूतून पदवी घ्यावी लागायची. तिला फक्त दख्खनीतून भाडं ठरवायचंय. तेवढं ती दुसऱ्या दिवशीच शिकते आणि 'नक्को भैया, बीस रुपये' असं ठणकावते. कोणत्याही समितीच्या मदतीशिवाय.

कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर मात्र दख्खनी चालत नाही. फाइलमधल्या जातीच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे, कारण तो आधी काढलेला. रहिवासी दाखल्यावर धाराशिव आहे, कारण तो नंतरचा. खिडकीतले साहेब दोन्ही कागद उजेडात धरून विचारतात, 'तू नक्की कुठल्या जिल्ह्याची?' नाव सरकारनं बदललं, खुलासा मात्र हिनं द्यायचा. ती म्हणते, 'सर, एकच आहे ते.' साहेब म्हणतात, 'तसं लिहून आण.' कोणाकडून, ते सांगत नाहीत. लंच होतो.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रानं कायदा केला 1999 साली, देशात सगळ्यांच्या आधी नसला तरी बराच आधी. पुढं यूजीसीचे नियम आले 2009 साली. त्यामुळं आता प्रत्येक पोराला आणि त्याच्या बापाला 'मी रॅगिंग करणार नाही' असं दरवर्षी लिहून द्यावं लागतं. सिनिअर पोरं बिचारी या हमीपत्रानं सरळ झाली. उलट पहिल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात भेटलेला तालुक्याकडचा सिनिअरच हिला सांगतो की बोनाफाईड कुठं मिळतं, महाडीबीटीवर फोटो किती केबीचा लागतो, आणि कोणत्या मॅडमकडे सकाळीच जावं. हमीपत्र मात्र खिडकीकडून घ्यायचं राहून गेलं.

हे सगळं पाहिलं की मला 1913 सालचा एक प्रथम वर्षाचा विद्यार्थी आठवतो. वय बावीस. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचला, कोलंबिया विद्यापीठात नाव घातलं, हार्टले हॉल नावाच्या वसतिगृहात खोली मिळाली. आणि तिथलं जेवण काही घशाखाली उतरेना. एकतर नीट शिजलेलं नसायचं, नाहीतर गोमांसाचं असायचं. मग त्यानं काय केलं? 'वातावरणाशी जुळवून घ्यायला शिक' असं स्वतःला बजावून गप्प बसला नाही. आठवड्याभरात गाशा गुंडाळला आणि कॉस्मोपॉलिटन क्लबात गेला, तिथं काही हिंदुस्थानी पोरं राहत होती. पुढं तिथूनही हलला आणि लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहायला गेला. तिथं रूम पार्टनर मिळाला नवल भथेना नावाचा पारशी. हा पार्टनर पुढं जन्मभराचा मित्र झाला, अडीअडचणीला पैसेही देत राहिला. दोन वर्षांत या विद्यार्थ्यानं एम.ए. केलं.

आज बेगमपुऱ्याकडून जाताना ज्या गेटसमोर 14 जानेवारीला हजारो माणसं माथा टेकतात, त्या गेटवर याच विद्यार्थ्याचं नाव आहे. आत गेलेल्या पोरीनं मेस बदलून द्या म्हटलं तर मात्र आपण म्हणतो, 'फार लाडावलीय.'

आणि हा माणूस स्वतःचं पहिलं वर्ष विसरला नसावा, असं मला वाटतं. पुढं 1950 साली त्याच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं या शहरात कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. नागसेनवनात नुसते वर्ग बांधून थांबले नाहीत, शेजारी वसतिगृहं बांधली. खेड्यातून येणाऱ्या पोराला राहायला कोण खोली देणार आणि जात विचारून कोण नाकारणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, पोरांनी ते बसवलं, खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. ज्या पोरांच्या घरी आधीच्या पिढीनं पाटी पाहिली नव्हती, ती पोरं स्टेजवर. यूजीसीच्या पुस्तिकेत कला वगैरेचं जे प्रकरण आहे ना, ते इथं पुस्तिकेच्या साठेक वर्षं आधी होऊन गेलंय. पुस्तिका छापून न घेता.

आता आपल्या कळंबच्या पोरीच्या खोलीकडे येऊ. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. ज्यांचं लागत नाही त्यांच्यासाठी सरकारची स्वाधार योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. योजना निघाली तेव्हा आपल्यासारख्या शहरासाठी वर्षाला 51,000 रुपये ठरले. त्यात जेवणाचे 28,000, राहण्याचे 15,000, बाकी निर्वाहाचे 8,000. पंधरा हजारांना बारानं भागा. महिन्याला साडेबाराशे होतात. टीव्ही सेंटरला किंवा पहाडसिंगपुऱ्यात साडेबाराशेत कॉट बेसिसवर जागा मिळत असेल तर मला कळवा, मीच राहायला जातो. शिवाय ही रक्कम खात्यात पडते तिच्या सवडीनं, आणि मेसवाल्या काकू पैसे मागतात पाच तारखेला. काकूंचं चुकत नाही, त्यांचा गॅसवाला स्वाधारवर चालत नाही. तरी त्याच काकू 'राहू दे गं, पुढच्या महिन्यात दे' म्हणतात, आणि या शहरातली खरी शिष्यवृत्ती अशी तोंडी मंजूर होते. ऑनलाइन अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, त्रुटी पूर्ततेचा मेसेज नाही.

पाण्याचं मात्र आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी येतंच असं नाही. पुण्याचा पोरगा इथं आला तर रडेल. धाराशिव-बीडच्या लेकरांनी हा विषय पहिलीपासून घेतलेला असतो. घरमालकीण दोन बादल्या दाखवून म्हणते, 'आठवडाभर पुरवायचं.' पोरगी म्हणते, 'एवढं?'

अभ्यासाचं काय म्हणता? हो, तोही असतो. 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं आणि विषयांची नावं गेली, आद्याक्षरं आली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. पोरगी वहीच्या पहिल्या पानावर ही अक्षरं लिहून घेते आणि सरांना विचारते, 'सर, यातलं केमिस्ट्री कोणतं?' सर मोबाइल काढतात, ग्रुपवर आलेलं परिपत्रक शोधतात. या एका बाबतीत सरही प्रथम वर्षाचेच, त्यामुळं दोघांची छान मैत्री होते. खरं सांगायचं तर या धोरणाचा मला दिसलेला हा सर्वांत ठळक फायदा.

मेंटॉर ही आणखी एक सोय. वीस-पंचवीस पोरांमागे एक प्राध्यापक, त्यानं त्यांच्या अडचणी ऐकायच्या, नोंद ठेवायची. नोंदी असतात, रजिस्टर असतं, रजिस्टरला प्लॅस्टिकचं कव्हरही असतं. पोरीला आपले मेंटॉर कोण ते कळतं नॅकची समिती यायच्या आदल्या दिवशी. सर वर्गात येऊन म्हणतात, 'उद्या कोणी विचारलं तर आपण दर महिन्याला भेटतो.' रजिस्टरमध्ये ती आधीच चारदा भेटून गेलेली असते. तिसऱ्या भेटीत तिला घरची आठवण येत असल्याचंही लिहिलंय. सही तिचीच वाटावी इतपत जमलीय. वाईट एवढंच की तिला खरंच आठवण येत होती, आणि ते सरांना न विचारता कळलं होतं. माणूस हुशार. विचारलं असतं तर रजिस्टरची गरजच पडली नसती.

दिवाळीला ती गावी जाते. आई विचारते, 'करमतं का?' ती म्हणते, 'हो.' सगळी पोरं हेच सांगतात. 'नाही' म्हटलं तर परत पाठवणार नाहीत ही भीती पोरींना जास्त, म्हणून त्या जरा जोरात 'हो' म्हणतात. दीक्षारंभाच्या फीडबॅक फॉर्मवरही तिनं 'अतिशय समाधानी' वरच टिक केलेली असते. त्या टिकांची बेरीज होते, टक्केवारी निघते, आणि अहवालात लिहिलं जातं की विद्यार्थी उत्तम रुळले.

मग पहिल्या सत्राची परीक्षा. परीक्षेचा अर्ज भरायला दोन दिवस उशीर झाला, कारण ती मधल्या काळात उस्मानाबाद आणि धाराशिव एकच असल्याचा कागद आणायला गेली होती. विलंब शुल्क भरलं. परीक्षा दिली. आता निकाल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 सांगतो की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावा, फारच झालं तर 45. एवढं अचूक वेळापत्रक राज्यात दुसरं फक्त पंचांगाचं असेल, आणि ते बहुधा पाळलं जातं.

साठावा दिवस उलटल्यावर पोरगी खिडकीवर जाते. आता ती घाबरत नाही, फाइलही आणत नाही.

'सर, आम्ही दोन दिवस उशीर केला तर लेट फी घेतली. निकालाला उशीर झाला की लेट फी कोण भरतं?'

खिडकीतले साहेब पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट बघतात.

'कोणतं वर्ष तुझं?'

'फर्स्ट इयर, सर.'

'वाटत नाही.'